एकशेबारा टक्के उतारा

मंगळवार, ९ डिसेंबर

विमा एजंटाने दिलेली ही डायरी दोन वर्षं कपाटात पडून होती. वार चुकीचे छापलेत, ते खोडून बरोबर लिहितेय. या कॉलेजात निदान एक वही तरी खरी असावी.

आज वर्गात जाहीर केलं की यंदा तृतीय वर्षाची नऊ पोरं सेंद्रिय रसायनाची प्रात्यक्षिकं स्वतःच्या हातांनी करतील. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात जाहीर करण्यासारखं काय? पण आमच्या पूर्णेच्या कॉलेजात प्रात्यक्षिक 'झालं' म्हणजे जर्नल पुरं झालं. गेल्या वर्षीच्या पोराचं जर्नल यंदाचा पोरगा उतरवतो. मागे एकाच्या वहीत ॲस्पिरिनच्या कृतीखाली 'इथं लाईट गेली' असं लिहिलेलं सापडलं. जुने गठ्ठे काढून पाहिले, तर चार वर्षं ओळीने लाईट तिथंच गेलेली. परीक्षेला बाहेरून सर येतात, तेव्हा पोरांच्या डिशांमध्ये विकतच्या बाटलीतला पांढराशुभ्र माल असतो. सर तो बघून खूष होतात आणि जेवायला जातात. मीही बाहेरची परीक्षक म्हणून अशी चार ठिकाणी जेवून आले आहे.

यंदा एक निमित्त मिळालं. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने उन्हाळ्यात दोन महिन्यांचं प्रशिक्षण ठेवलंय. राहणं, जेवण, सगळं त्यांचं. प्रत्येक कॉलेजातून एकच नाव. मी सांगून टाकलं, "ज्याचा उतारा चांगला, त्याचं नाव." सोयाबीनचा एकरी उतारा यांना जन्मापासून कळतो, त्यामुळे हे समजावायला वेळ लागला नाही. कागदावरच्या हिशेबाने जेवढा पदार्थ यायला हवा, त्यातला शंभरी किती हातात आला, तो उतारा.

लॅबचे बन्सीधर मामा मागे उभे राहून ऐकत होते. सत्तावीस वर्षांची नोकरी. बाटली कुठल्या फळीवर आहे हे मला आठवत नाही, त्यांना डोळे मिटून सापडते. तास संपल्यावर म्हणाले, "मॅडम, खरंच पोरायच्या हातानं?"

"खरंच."

"आणि परीक्षेलाबी?"

"परीक्षेलाही. डिशीत विकतचं काही पडणार नाही, मामा."

"तुमी म्हणता तर तसं," म्हणाले. स्वर असा, जणू मी उन्हात छत्री न घेता निघाले आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

ॲस्पिरिन. नऊ पोरं, नऊ तऱ्हा.

पप्पू पूर्णेचाच, बडबड्या आणि मनाचा मोकळा. त्याने गाळणकागदावरचे स्फटिक कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि खालचं पाणी जपून घेऊन आला. "मॅडम, निघालं!" दोघांच्या चंचुपात्रात काहीच आलं नाही. बाकीच्यांचा उतारा वीस ते पस्तीसच्या मध्ये. त्यातल्या त्यात बरी दैवशाला, चौतीस टक्के. ही ताडकळसहून एसटीने येते, घरी मेंढरं आहेत, बोलते कमी.

वर्ग सुटल्यावर मी जरा स्टोअररूममध्ये जाऊन बसले. सॅलिसिलिक आम्लाची धूळ फार वाईट, डोळ्यांत गेली की पाणी थांबत नाही. एवढ्यात मामा चहा घेऊन आले. धुळीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकी उघडली.

"वीस वर्षं शिकवतेय मामा," मी म्हटलं, "आणि पोरांना गाळताही येत नाही. म्हणजे मी काय शिकवलं?"

"तुमी जिवाला कामून लावून घ्यायलात? भरतंय हळूहळू."

"काय भरतंय?"

"वजन," म्हणाले आणि कप घेऊन गेले.

सोमवार, २२ डिसेंबर

गुरुवारी पुन्हा ॲस्पिरिन लावलं. ओले स्फटिक डिशांमध्ये ठेवून, चिठ्ठ्या लावून, वाळवायला मामांच्या ओव्हनमध्ये. आज तोलले. एकोणऐंशी! शहात्तर! चौऱ्याऐंशी! पप्पू ऐंशी! मेल्टिंग पॉइंट अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा.

मला वाटतं, मी गुरुवारी फळ्यावर जी गाळण्याची आकृती काढली, तिचा परिणाम. आकृती खरंच चांगली जमली होती.

फक्त दैवशाला एक्केचाळीसवर. तिचा माल ओव्हनमध्ये ठेवतच नाही. कागदात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून मुलींच्या खोलीतल्या आपल्या कप्प्यात कुलपात ठेवते. "माझं मी वाळविते, मॅडम." सगळ्यांनी एका ओव्हनवर विश्वास ठेवायचा आणि हिने नाही. हुशार पोरींना हा एक रोग असतो. मलाही होता, पण माझा उतारा तरी चांगला यायचा. यायचाच असणार.

मंगळवार, ६ जानेवारी

ॲसिटानिलाइड. पाच मिलिलिटर ॲनिलिनातून कागदावर ७.४ ग्रॅम निघायला हवं. वर्गाची सरासरी त्र्याऐंशी. मेल्टिंग पॉइंट एकशेचौदा, जरा इकडे ना तिकडे. प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "वा मॅडम, यावर एक पेपर टाका. आणि फोटो काढून ठेवा, समिती येणारय." आमच्याकडे कुठलीही चांगली गोष्ट समितीसाठीच घडते.

दैवशाला चव्वेचाळीस. आज तिला सगळ्यांसमोर बोलले. "याच बाटलीतून, याच टेबलावर पप्पूला ब्याऐंशी येतात आणि तुला निम्मे. हात कुठे चुकतो ते शोध." ती पप्पूच्या डिशीकडे बघत राहिली. पप्पू छताकडे.

नव्या रसायनांच्या यादीत मामांनी ॲसिटानिलाइडची बाटली लिहिली आहे. म्हटलं, पोरं इथंच बनवताहेत, विकत कशाला? म्हणाले, "असावी, मॅडम. जुनी तळाला लागली." या लॅबमध्ये बाटल्या आपोआप रिकाम्या होतात. झाकणं नीट बसत नसणार.

मंगळवार, २० जानेवारी

ॲसिटानिलाइड दुसऱ्यांदा, हात बसावा म्हणून. आज तोलणी.

पप्पूचा उतारा एकशेबारा टक्के.

निसर्गाचा नियम मोडल्याबद्दल त्याचं अभिनंदन करून मी डिश पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायला लावली. ओलावा राहिला असणार. दोन तासांनी पुन्हा एकशेबारा. म्हणजे काटा बिघडला. काट्यावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं, बरोबर शंभर. म्हणजे ॲनिलिन मोजताना पाचाच्या जागी सहा घेतलं. पोरगं दांडगट आहेच. विचारलं तर म्हणालं, "मॅडम, माझं इतकं कसं येतं, मलाच कळंना." एवढ्या मोकळ्या मनाचा पोरगा मी पाहिला नाही. दुसऱ्याने फुशारकी मारली असती.

दैवशालाने आज जर्नल दाखवलं. आमच्या छापील जर्नलात नाही असा एक रकाना तिने पट्टीने आखलाय. वर लिहिलंय, 'कुठं गेलं'. गाळलेल्या पाण्यात इतकं, कागदाला चिकटलं इतकं, बीकरच्या काठाला इतकं, पत्ता नाही इतकं.

मी म्हटलं, "हे कारणं सांगणं झालं. माल आण."

तर म्हणाली, "आमच्यात सांजच्याला मेंढरं मोजतेत, मॅडम. एक कमी भरलं तर दुसऱ्याच्या कळपातलं आणून आकडा पुरा करीत न्हाईत. हुडकायला जातेत."

"मेंढरं आणि ॲसिटानिलाइड यांची सांगड घालू नकोस," मी म्हटलं. वर्ग हसला. वाक्य चांगलंच जमलं होतं. पण ती हसली नाही, वही मिटून घेतली. जाताना म्हणाली की पुण्याचं नाही झालं तर बीएडचा फॉर्म भरते. बीएड काही वाईट नाही. मी तसं म्हणालेही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पुण्याला पाठवायचं पत्र लिहून काढलं. नाव पप्पूचं. एकशेबारा वगळूनसुद्धा सरासरी त्याचीच वरची. वीस तारखेच्या आत पाठवायचंय, प्राचार्यांची सही तेवढी बाकी.

नियम मीच केला, तो पाळते आहे. तरी पत्रातल्या 'स्वतंत्र विचारशक्ती' या शब्दापाशी पेन थोडं अडलं. 'मनमिळाऊ' लिहिलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज नवा पदार्थ. डायबेन्झालॲसिटोन. नाव म्हणायलाच पोरांना दहा मिनिटं लागली. पण बनतो सोपा, पिवळे स्फटिक, बघत राहावंसे. आमच्या लॅबमध्ये हा कधीच कोणी केला नव्हता.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

तोलणी. एकतीस. अठ्ठावीस. सव्वीस. पप्पू बावीस. वर्ग कोसळला.

दैवशाला अठ्ठावन्न.

पहिल्यांदा बेन्झाल्डिहाइडवर संशय घेतला. जुनं झालं की ते बिघडतं. पण दैवशालाने त्याच बाटलीतून घेतलं होतं. मग पाण्यावर, मग थंडीवर, मग पोरांच्या नशिबावर. कुठल्याही संशयात दैवशाला बसेना. चांगला संशय असा असावा लागतो की सगळे त्यात मावले पाहिजेत.

पोरं गेल्यावर मामा टेबल पुसत पुसत माझ्यापाशी आले. बेजार दिसत होते.

"मॅडम, ह्या पिवळ्याची बाटली कुठं विकत मिळती का?"

"कशाला?"

"असावी म्हणून."

मी काट्याचं झाकण लावत होते. हात तसाच राहिला. ॲस्पिरिनची बाटली होती. ॲसिटानिलाइडची होती. या पिवळ्याची नव्हती. आणि ओव्हनची चावी एकाच माणसाकडे.

"मामा, ती जुनी बाटली कशाने संपली?"

ते एकच जागा पुसत राहिले. मग म्हणाले, "एकेका डिशीत दोन-दोन चमचे. जास्त न्हाई टाकलं कधी."

"आणि पप्पूचं?"

"त्या दिशी त्याचं त्यानंच लय चांगलं काढलं व्हतं. मला कुठं ठावं? मी सवयीनं टाकलं."

म्हणजे त्या पोराचा अख्ख्या वर्षातला एकुलता एक चांगला उतारा आम्ही दोघांनी मिळून बुडवला. त्यांनी भरून आणि मी त्याला दांडगट म्हणून.

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मामा. विकतचं काही पडणार नाही."

"सांगितलं व्हतं. सत्तावीस साल झाले, वजन भरायचं काम माझ्याकडंच हाय. कुण्या सरांनी मना केलं न्हाई. तुमी केलं, म्या ऐकलंबी. पर त्या दिशी तुमी स्टोअरात बसला व्हता."

"त्याचा इथे काय संबंध? ती धूळ होती."

"व्हय," मामा म्हणाले. "धूळच व्हती." चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. दैवशालाबद्दल जे लिहिलंय ते सगळं माझ्याच अक्षरात आहे, त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नाही. आणि त्या आकृतीचं कौतुकही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं, मला पत्र बदलायचंय असं म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, उतारा वाढला म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तो वाढलाच नव्हता, सर."

"कुणाला माहितीय?"

"मला. मामांना. आणि माझ्या अंदाजाने त्या पोरीला डिसेंबरपासून."

"ती काही बोलली का?"

"नाही."

"मग? अहो, बाकीची कॉलेजं नव्वद-नव्वद टक्के लिहून पाठवतील. तुम्ही पन्नास लिहिलं तर पत्र उघडून बंद करतील. इज्जत कॉलेजची जाईल. आणि बन्सीधरला दीड वर्ष राहिलंय रिटायर व्हायला. त्याला मेमो द्यायचा का मी?"

मी म्हटलं, मेमो द्यायचाच तर आधी मला द्या. ते हसले. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखं बोलतेय.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी वर्गात सांगितलं. तुमचे उतारे खोटे होते, दोष तुमचा नाही. मी तपासायला हवं होतं, पण आकडे मला आवडत होते, म्हणून तपासलं नाही. मामांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मग पप्पू म्हणाला, "मंग माझे किती, मॅडम? खरे?"

"आज कळेल. सगळ्यांनी पुन्हा ॲसिटानिलाइड. एकाच दिवसात, सगळ्यांसमोर. मीही करणार."

"तुमी?" तिसऱ्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. त्या एका शब्दात वीस वर्षांचं मूल्यमापन होतं.

एप्रन घातला. तो फळीवर इतकी वर्षं होता की घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या. ॲनिलिन मोजलं. मग पुन्हा स्फटिक पाडताना गरम पाणी जास्त झालं. दोन महिने मी पोरांना नेमकं याच चुकीवर ओरडत होते. पाणी जास्त झालं की अर्धा माल विरघळून पाण्यातच राहतो. मला ते माहीत होतं. माहीत असणं आणि हाताला कळणं यांच्यामध्ये केवढं अंतर आहे, ते आज बीकरभर दिसलं.

दैवशाला बाजूच्या टेबलावर होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, थोडं आटवा. बर्फात जरा जास्त येळ ठिवा."

आटवलं. ठेवलं.

वाळवायची वेळ आली तेव्हा सगळे ओव्हनपाशी थांबले. मामा दारात उभे होते, आत येत नव्हते. शुक्रवारपासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत. मी खिशातली चावी काढली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिली. "ओव्हन तुमच्याकडेच, मामा. दोन तास."

त्यांनी चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. स्टूल ओढून ओव्हनसमोर बसले. चहाची वेळ झाली तरी उठले नाहीत. पप्पूने कप आणून दिला, तोही थंड झाला.

आठ डिशा आत गेल्या, माझी नववी. मग दैवशालाने डबा उघडला, कागदातला माल डिशीत काढला, चिठ्ठी लावली आणि मामांच्या हातात दिली. दहावी डिश, आणि या ओव्हनमध्ये जाणारी तिची पहिलीच. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आत ठेवली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी फळ्यावर आकडे लिहिले. पप्पू सत्तेचाळीस. "हे माझंच हाय, मॅडम!" म्हणून त्याने डिश सगळ्यांना फिरवून दाखवली, नवं कोकरू दाखवतात तशी. बाकीचे तीस ते पन्नासच्या मध्ये. दैवशाला एकसष्ट. शेवटी माझं नाव लिहिलं, पुढे छत्तीस. खडू तुटला, पण आकडा स्पष्ट उमटला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

नवं पत्र पाठवलं. दैवशालाचं नाव, उतारा एकसष्ट टक्के, सोबत तिच्या जर्नलच्या त्या रकान्याची प्रत. प्राचार्यांनी सही करताना श्वास सोडला. "तुमच्या जबाबदारीवर, मॅडम."

पप्पूला आधी बोलावून सांगितलं. वाईट वाटलं त्याला, लपवलं नाही. मग म्हणाला, "बरं झालं. तिथं ओव्हनपाशी मामा नसते."

दैवशालाची माफी मागायला तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, एसटी जाईल माझी." जाऊ दिली.

गुरुवार, ५ मार्च

आज पुण्याच्या लोकांनी तिची मुलाखत घेतली, संगणकावरून. स्टाफरूम तिच्यासाठी रिकामी केली आणि मी बाहेर बाकावर बसले. थोड्या वेळाने मामा येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आम्ही दोघं बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे बसलो होतो. त्यांनी दोनदा विचारलं, "किती येळ झाला?" दोन्ही वेळा बारा मिनिटंच झाली होती. काही वेळा मलाही घड्याळावर विश्वास नसतो.

पंचवीस मिनिटांनी दैवशाला बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?"

"एकसष्टच कामून, म्हणले. बाकीचं कुठं गेलं ते सांगितलं. पाण्यात सव्वा ग्रॅम, ते आटवून बघितलं व्हतं. कागदाला, बीकरला थोडं. दीडेक ग्रॅमचा पत्ता लागला न्हाई, तेबी सांगितलं."

"मग?"

"मंग म्हणले, सगळ्या कॉलेजातून नव्वद टक्के यायलेत. तुमच्या मॅडमचे किती येतेत?"

"तू काय सांगितलंस?"

"छत्तीस."

मामा भिंतीकडे बघायला लागले.

ती म्हणाली, "मंग त्यातल्या एक बाई लय हसल्या. म्हणल्या, मॅडमनी सोताहून सांगितलं का? मी म्हणलं, आमच्यासमोर केलं आन् फळ्यावर लिहिलं. तर म्हणल्या, मे महिन्याच्या एक तारखेला या."

मामा एवढ्या मोठ्याने हसले की प्राचार्य केबिनमधून बाहेर आले. "काय झालं, मॅडम? काय झालं?"

"काही नाही, सर," मी म्हटलं. "दैवशाला पुण्याला चाललीय. माझ्या छत्तीस टक्क्यांवर."